पुणे–मिरज दुहेरीकरण, कराड–चिपळूण मार्ग आणि वन्यजीव : परिणामांचे मूल्यमापन कसे व्हायला हवे?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. पुणे–मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गाचे दुहेरीकरण बहुतांश उरकत आले आहे, विजेच्या गाड्या धावत आहेत आणि २०२४च्या सप्टेंबरपासून वंदे भारतही सुरू झाली आहे. दुसरीकडे कराड–चिपळूण मार्गाची मागणी दर निवडणुकीत नव्याने वर येते. कोल्हापूर–वैभववाडी मार्ग आपल्या जिल्ह्यांबाहेरचा असला तरी तोही सह्याद्री ओलांडूनच कोकणात उतरणार आहे.

आमच्या पलूस–कडेगाव भागातील काही जणांचा एक छोटा गट आहे. वन विभागाला आणि लोकप्रतिनिधींना या विषयावर निवेदन द्यावे असे आमच्या मनात आहे. रेल्वे नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मात्र निवेदनात केवळ ‘वन्यजीवांची काळजी घ्यावी’ एवढेच लिहिले तर ते फायलीला लागून तिथेच राहील. म्हणून जाणकारांना विचारतो की, रेल्वेच्या अशा कामाचा संरक्षित क्षेत्रांवर काय परिणाम होईल हे ठरवायचे असेल, तर नेमके काय मोजायचे, कोणत्या काळात मोजायचे आणि ते कोणी मोजायचे? सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याच्या पट्ट्यातून, ताकारीवरून, आजचा मार्ग जातो. कोयना आणि चांदोलीच्या मधून उद्याचा मार्ग जाऊ शकतो. या दोन्ही ठिकाणी एकच मोजपट्टी लावून चालेल का?

मिरज_जंक्शन
विषय चांगला आहे, परंतु सुरुवातीलाच एक बाजू नोंदवून ठेवतो. मी रेल्वेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो आहे. दुहेरी मार्गाला लागणारी जमीन सहापदरी महामार्गाच्या मानाने फारच कमी असते. रुळांवरून रात्रभर अखंड वाहतूक नसते, दोन गाड्यांच्या मध्ये बराच काळ मार्ग मोकळा असतो. जी मालगाडी रुळांवरून जाते तिच्यामुळे कितीतरी ट्रक रस्त्यावर येत नाहीत. वन्यजीवांच्या नावाखाली रेल्वेची कामे रखडली तर तो माल पुणे–बंगळूर महामार्गावरून जाईल आणि तिथे प्राणी मरत नाहीत असे नाही. मूल्यमापन करायचे असेल तर ही तुलनाही त्यात आली पाहिजे.

निसर्गवाचक
मिरज_जंक्शन यांचा तुलनेचा मुद्दा योग्य आहे आणि कोणत्याही प्रामाणिक अहवालात तो असायलाच हवा. फक्त ती तुलना कागदावरच्या टनांची आणि किलोमीटरची न होता त्या विशिष्ट पट्ट्यातील जनावरांच्या हालचालीची झाली पाहिजे.

मूळ प्रश्नाकडे येतो. मी साताऱ्यात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्याकडे परिणाम मोजताना पहिला प्रश्न ‘वनजमीन किती हेक्टर जाणार आणि झाडे किती तुटणार’ हा असतो, आणि पुष्कळदा शेवटचाही तोच असतो. रेल्वेच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. जागा थोडीच जाते, पण ती एका लांब रेषेत जाते आणि ती रेषा जनावरांचे क्षेत्र दोन भागांत तोडते. त्यामुळे पाण्यावर येणारे, पिलांना घेऊन फिरणारे, नवे क्षेत्र शोधायला निघालेले जनावर ती रेषा कुठे, कधी आणि किती वेळा ओलांडते, याची माहिती आधी हवी.

ही माहिती एका ऋतूत मिळत नाही. आपल्या भागातले साधे उदाहरण घ्या. कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो, तिथेच पिले घालतो. पावसाळ्यात ऊस वाढलेला असताना पाहणी केली तर बिबट्याच्या खुणा एका ठिकाणी सापडतील. ऊसतोड सुरू झाली की त्याचा आडोसा दर आठवड्याला सरकतो आणि त्याची ये-जा पूर्णपणे बदलते. सप्टेंबरमध्ये पंधरवडाभर कॅमेरे लावून ‘या ठिकाणी हालचाल आढळली नाही’ असे लिहिणारा अहवाल तांत्रिकदृष्ट्या खोटा नसेल, परंतु फेब्रुवारीबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून किमान एक पूर्ण वर्ष, सर्व ऋतूंत, पाहणी झाली पाहिजे. ती काम सुरू होण्यापूर्वी, काम चालू असताना आणि गाड्या सुरू झाल्यानंतर अशी तीनदा व्हावी. शिवाय रेल्वे जात नाही असा एखादा सारखाच पट्टा तुलनेसाठी निवडावा. तो पट्टा नसेल तर प्राणी कमी झाले ते रेल्वेमुळे की दुष्काळामुळे, हे कधीच कळणार नाही.

रानवाट_पाटण
मी कोयना खोऱ्यातला आहे. माझ्या आजोबांचे गाव शिवसागर जलाशयात गेले. नंतर अभयारण्य आले, व्याघ्र प्रकल्प आला, आणि त्यासाठी आणखी वाड्या उठल्या. आता इतक्या वर्षांनी कराडहून चिपळूणला रेल्वे जाईल, पाटणच्या मुलांना शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी सोय होईल, अशी आशा निर्माण झाली की लगेच वाघाचे नाव पुढे येते. प्रत्येक वेळी किंमत आम्हीच मोजायची का? वर एक वर्ष पाहणी करा म्हटले आहे. आमच्या दोन पिढ्या वाट पाहण्यात गेल्या, त्यांची पाहणी कोणी केली?

निसर्गवाचक
रानवाट, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘निसर्ग महत्त्वाचा’ असे उत्तर देणे हा आपल्या लोकांचा अपमान होईल. माझे म्हणणे एवढेच की पाहणीमुळे रेल्वे थांबत नाही. पाहणी न केल्यामुळे थांबलेल्या प्रकल्पांची उदाहरणे मात्र आहेत. त्यावर कायद्याच्या जाणकारांनी लिहावे.

वकिली_कराड
लिहितो. थोडे लांबेल, पण निवेदनाला कायद्याचा पाया हवा.

पहिली गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनासाठी २००६ साली जी अधिसूचना निघाली, तिच्या परिशिष्टात महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, बंदरे आहेत, परंतु रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे नवा मार्ग असो वा दुहेरीकरण, त्यासाठी पर्यावरण मंजुरी आणि तिच्यासोबत येणारी जनसुनावणी आपोआप लागू होत नाही. गावकऱ्यांना आपले म्हणणे मांडायला जी एक अधिकृत जागा मिळते, तीच रेल्वेच्या बाबतीत नसते.

मग उरते काय? वनजमीन लागत असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालील परवानगी. अभयारण्यातील किंवा राष्ट्रीय उद्यानातील जमीन लागत असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जाणारी प्रक्रिया. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे ३८-ओ. हे कलम व्याघ्र प्रकल्पापुरते मर्यादित नाही. एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणाऱ्या भूभागाचा वापर पर्यावरणदृष्ट्या न टिकणाऱ्या कामासाठी होऊ नये, अपवाद करायचा तर तो सार्वजनिक हितासाठी, वन्यजीव मंडळाच्या मान्यतेने आणि व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सल्ल्यानेच, असे त्यात म्हटले आहे.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली जाहीर झाला. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालचा बफर पट्टा मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. नकाशा पाहिला तर कोयनेचे जंगल शिवसागरच्या पश्चिमेला, चांदोली दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात, आणि दोघांना जोडणारा भाग हेळवाक–कोयनानगरच्या आसपास येतो. कराड–चिपळूण रस्ता नेमका तिथूनच कुंभार्ली घाटाकडे जातो. रेल्वेही त्याच खोऱ्यातून गेली तर ती या जोडणीला आडवी जाणार. त्यामुळे येरळाकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की एकच मोजपट्टी चालणार नाही. ताकारीला आहे त्या मार्गाशेजारी दुसरा मार्ग पडला आहे. हेळवाकला मार्ग कुठे न्यायचा हेच अजून ठरवता येण्यासारखे आहे.

रूळसोबती
मी लोको पायलट आहे आणि या मार्गावर रात्रीच्या गाड्या चालवतो. माझा अनुभव लिहितो.

लोकांना वाटते चालकाने ब्रेक लावला की गाडी थांबते. भरलेली मालगाडी वेगात असताना आपत्कालीन ब्रेक लावला तरी ती थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकते. दिव्याचा झोत तेवढ्या अंतरावरचे जनावर दाखवत नाही. वळणावर तर झोत रुळांच्या बाहेर, शेतात पडतो. आमच्या हातात हॉर्न एवढेच उरते, आणि हॉर्न ऐकून काही जनावरे पळतात, काही झोताकडे बघत जागीच थबकतात. सर्वांत वाईट जागा म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या कडा असलेली खोदाई. तिथे ससा असो की कोल्हा, बाजूला चढता येत नाही म्हणून तो रुळांमधूनच पुढे पळत राहतो.

दुसरे म्हणजे विजेच्या इंजिनाचा आवाज डिझेलपेक्षा पुष्कळ कमी असतो. डिझेल इंजिन लांबून घुमत यायचे. आता गाडी जवळ येईपर्यंत मार्ग शांत असतो. दुहेरी मार्गावर आणखी एक गोष्ट घडते. जनावर एका गाडीपासून वाचून बाजूला होते ते शेजारच्या रुळावर, आणि तिथे समोरून दुसरी गाडी येत असते. हे मी पाहिले आहे आणि ते पाहून गाडी चालवत पुढे जाणे सोपे नसते.

नोंदींबद्दलही सांगतो. गाय किंवा म्हैस गाडीखाली आली आणि गाडी थांबली तर नोंद होते. कोल्हा, उदमांजर, साळिंदर यांच्यासाठी गाडी थांबत नाही आणि नोंदही होत नाही. म्हणून ‘या मार्गावर वन्यप्राण्यांचे अपघात नाहीत’ असे कागद पाहून कोणी म्हणत असेल तर तो कागद त्या कामासाठी केलेलाच नाही, हे ध्यानात घ्यावे.

मिरज_जंक्शन
रूळसोबती यांच्याशी मी सहमत आहे. नोंदींसाठी एक उपाय सुचवतो. प्रत्येक पट्ट्यात रोज सकाळी कीमन रुळांची तपासणी करत पायी जातो. रात्री मेलेले जनावर कावळ्याकुत्र्यांनी ओढून नेण्याआधी पाहणारा तो पहिला माणूस असतो. त्याला एक साधी वही आणि प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता दिला, आणि ती वही महिन्याला वन विभागाकडे गेली, तर फारसा खर्च न होता जी माहिती मिळेल ती बाहेरून आलेल्या सल्लागाराला वर्षभरात मिळणार नाही. मात्र हे काम त्याच्या रोजच्या कामावर वरून लादू नये, त्यासाठी वेगळा भत्ता द्यावा.

तासगावकर_सध्या_चंद्रपूर
मी नोकरीनिमित्त विदर्भात आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदिया–बल्लारशाह मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. तो मार्ग जुनाच होता. पूर्वी अरुंद होता, नंतर रुंद झाला, गाड्यांची संख्या आणि वेग वाढला. जुन्या मार्गाची सुधारणा म्हणजे निरुपद्रवी काम, हा समज तिथे तुटला.

मेळघाटाचेही उदाहरण आहे. अकोला–खंडवा या मीटरगेज मार्गाचे ब्रॉडगेज करताना सुमारे ३९ किलोमीटर मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात होता. मीटरगेजवर दिवसाला मोजक्या आणि संथ गाड्या होत्या. त्याच जागेवर ब्रॉडगेज आले असते तर मार्ग तोच राहूनही परिणाम बदलला असता. जंगलाबाहेरून वळसा घेणारा पर्याय पुढे आला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्याचाच आग्रह धरला. वळशाच्या मार्गाने जंगलाबाहेरच्या अनेक गावांना रेल्वे मिळते, हाही त्यातला मोठा मुद्दा होता. रानवाट यांनी हे जरूर पाहावे. पर्याय शोधल्याने प्रत्येक वेळी लोकांचे नुकसानच होते असे नाही.

माणदेशी
आपण सारे वाघ-बिबट्यांवर बोलत आहोत, म्हणून पूर्वेकडची बाजू मांडतो. लोणंद–फलटण मार्ग झाला आहे, तो पुढे बारामती आणि पंढरपूरला जोडण्याचे बेत आहेत. या भागातील माळरानावर लांडगा, खोकड, तरस आणि काही ठिकाणी चिंकारा आहे. यातील बरीचशी जमीन कागदावर वनजमीन नाही, अभयारण्यही नाही, कुठे ती गायरान म्हणून लिहिली आहे तर कुठे पडीक म्हणून. वकिली_कराड यांनी सांगितलेल्या एकाही कलमात ती नीट बसत नाही. लांडगा हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, म्हणजे त्याला संरक्षण वाघाइतकेच आहे, परंतु तो जिथे राहतो त्या माळाला काहीच नाही.

आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या वाटा पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या आहेत आणि रेल्वे ओलांडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. कळपांच्या मागे लांडगा असतो. दुहेरीकरण करताना फाटके बंद करून भुयारी मार्ग काढले जातात. त्यातील कित्येकांत पावसाचे पाणी साचून राहते आणि मेंढरे पाण्यात उतरत नाहीत. मग मेंढपाळ कळप थेट रुळांवरून नेतो. मूल्यमापन करणाऱ्याने मेंढपाळांशी बोलल्याशिवाय माळरानाचा नकाशा काढू नये, असे मला अगदी मनापासून वाटते. जनावर कुठून जाते हे त्यांना ठाऊक असते.

पक्षीवेडी_सांगली
विद्युतीकरणाचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे कोणी सांगू शकेल का? तारांखाली मेलेला पांढऱ्या मानेचा करकोचा मी नांद्र्याच्या बाजूला पाहिला आहे.

निसर्गवाचक
पक्षीवेडी ताई, धोका दोन प्रकारचा असतो. तारेला धडकणे आणि विजेचा धक्का बसणे. करकोचे, मोठे शिकारी पक्षी, घुबडे यांच्या पंखांचा विस्तार मोठा असल्याने एकाच वेळी विद्युतभारित भाग आणि जमिनीशी जोडलेला भाग यांना स्पर्श होण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत जास्त असते. उपाय अवघड नाही. पक्षी ज्या ठिकाणी बसतात तिथल्या जोडांना विद्युतरोधक आवरण घालणे, आणि नदी, तलाव यांच्याजवळ तारा स्पष्ट दिसतील अशा खुणा लावणे. सगळीकडे हे करण्याची गरज नाही. येरळेचा पूल, पाणथळ शेते, अशा जागा आधी ओळखल्या तर थोडक्यात काम होते. जागा ओळखणे हाच मूल्यमापनाचा खरा उपयोग आहे.

माणदेशी यांनी काढलेला भुयारी मार्गाचा मुद्दा आणखी पुढे न्यायला हवा. जनावरे भुयारातून जातात की नाही हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला भुयाराच्या लांबीने भागले की ते किती ‘मोकळे’ वाटते याचा अंदाज येतो. मार्ग दुहेरी झाला की भराव रुंद होतो, जुनी मोरी लांबवली जाते, आणि पूर्वी आरपार उजेड दिसणारी मोरी अंधारी नळी होते. मोरी तीच राहते, फक्त जनावराच्या दृष्टीने ती बंद होते. त्या मोरीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर साठलेल्या बारीक गाळात पाहिले तर कोण येऊन परत फिरले हे दिसते. मी विद्यार्थ्यांना हेच दाखवतो. मुंगूस आणि रानमांजर आत जाताना दिसतात, खुराचे ठसे मात्र तोंडाशी येऊन बाजूला वळतात आणि भरावावर चढतात. दुहेरीकरणाच्या आराखड्यात प्रत्येक मोरीची जुनी आणि नवी लांबी लिहिलेली असते. वन्यजीवांच्या अहवालात तो तक्ता घ्यायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मोठ्या जनावरांसाठी पेंचमधील राष्ट्रीय महामार्ग ४४ चे उदाहरण आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथे रस्ता उचलून खालून जनावरांना जागा ठेवली आहे, त्यातील सर्वांत मोठी ७५० मीटर रुंद आहे. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्राणी खालून जाताना टिपले गेले आहेत. जागा पुरेशी आणि योग्य ठिकाणी असेल तर जनावरे ती वापरतात, हे आता केवळ अनुमान राहिलेले नाही.

शिवार_देवराष्ट्रे
सागरेश्वरबद्दल लिहितो, कारण माझे शेत त्या डोंगराच्या पायथ्याला आहे. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य उजाड डोंगरावर झाडे लावून उभे राहिले आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. तिथे सांबर आणि चितळ आहेत, भोवती कुंपण आहे, आणि तरीही हरणे रात्री बाहेर येऊन पिकात उतरतात ही आसपासच्या गावांची जुनी तक्रार आहे. बाहेर पडलेली जनावरे ऊस, मका आणि पाण्याच्या मागे खाली सरकतात, आणि खालच्या अंगाला रेल्वे आहे.

माझे म्हणणे असे की रेल्वेचे मूल्यमापन अभयारण्याच्या सीमेवर थांबता कामा नये. कुंपण कुठे तुटले आहे, पाणवठे कधी आटतात, कोणत्या महिन्यात कोणत्या शिवारात कोणते पीक उभे असते, यावर हरीण रुळांपर्यंत येणार की नाही हे ठरते. एप्रिल-मे मध्ये आत पाणी आणि चारा व्यवस्थित राहिला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. रुळांच्या कडेला नुसते आणखी एक कुंपण घातले तर बाहेर पडलेले जनावर दोन कुंपणांच्या मध्ये, म्हणजे नेमके आमच्या शेतात, अडकून पडेल. कुंपण घालायचेच असेल तर ते जनावराला पुलाखालच्या मोकळ्या जागेकडे नेणारे असावे.

रूळसोबती
शिवार दादांचे म्हणणे पटले. वेगमर्यादेबद्दलही एक सूचना आहे. एखाद्या पट्ट्यात धोका असेल तर चालकाला कॉशन ऑर्डर मिळते आणि तो वेग कमी करतो. ती वर्षभर आणि लांबलचक पट्ट्यासाठी दिली तर वेळापत्रक कोलमडते आणि कालांतराने ती काढली जाते. पण ‘या दोन किलोमीटरमध्ये, उन्हाळ्याचे तीन महिने, संध्याकाळी सात ते पहाटे पाच’ अशी नेमकी मर्यादा असेल तर आम्हालाही ती पाळणे शक्य आहे. नेमकेपणा यायचा तर माहिती हवी. ईशान्य सीमा रेल्वेने रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तींच्या पावलांची कंपने ओळखून चालकाला इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. हत्तीच्या वजनासाठी केलेली यंत्रणा बिबट्या-सांबरासाठी तशीच चालेल असे धरून चालता येणार नाही, त्यामुळे आपल्याकडे अजून तरी वेग आणि मोऱ्या हेच भरवशाचे उपाय आहेत.

रानवाट_पाटण
सर्वांचे वाचले. मेळघाटाचे उदाहरण मला माहीत नव्हते. आमच्या खोऱ्यात मात्र वळसा घ्यायला जागा कुठे आहे? एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला डोंगर. मार्ग न्यायचा तर खोऱ्यातूनच न्यावा लागणार. म्हणून आमच्या भागाच्या दृष्टीने दोन गोष्टी लिहाव्यात असे सुचवतो. एक, हेळवाकच्या पुढे जिथे जनावरांची ये-जा आहे तिथे मार्ग शक्य तितका बोगद्यातून आणि उंच पुलांवरून न्यावा, भराव घालून खोरे अडवू नये. दोन, रस्ता आणि रेल्वे यांचा विचार एकत्र व्हावा. गुहागर–विजापूर महामार्गाचे रुंदीकरण वेगळे, रेल्वे वेगळी, असे दोन अहवाल झाले तर प्रत्येक जण म्हणेल की माझ्यामुळे फार काही बिघडत नाही.

आणि हो, स्थानिकांची नावे अहवालात साक्षीदार म्हणून नव्हे, माहिती देणारे म्हणून यावीत.

मिरज_जंक्शन
बोगद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू अभियंता म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. बोगद्यावरचे जंगल वाचते, मात्र बोगद्यातून निघालेला मुरूम आणि दगड कुठे तरी टाकावा लागतो. तो ओढ्यांत ढकलला तर खालचे झरे बुजतात. घाटातील पावसाचा जोर आपण सर्वांनी पाहिलेला आहे, पहिल्याच पावसाळ्यात तो ढीग खाली येतो. शिवाय कामगारांच्या वसाहती, खडीच्या खाणी, स्फोट, रात्रीचे दिवे आणि यंत्रे नेण्यासाठी काढलेले तात्पुरते रस्ते हे सगळे बांधकामाच्या काळातील परिणाम आहेत, आणि असे काम वर्षानुवर्षे चालते. डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या भागात झाला तिथे खोदकामापूर्वी भूगर्भाचा अभ्यास व्हावा हे तर वेगळे सांगायला नको. मुरूम टाकण्याच्या जागा आधी ठरवून नकाशावर दाखवल्या नसतील तर त्या अहवालाला पूर्ण म्हणू नये.

वकिली_कराड
मिरज_जंक्शन यांनी हे मांडले याचा मला आनंद आहे. रानवाट यांना मागे एक उदाहरण द्यायचे राहिले होते, ते आता देतो. ते आपल्या दाराशीच आहे.

मिरजेहून लोंढ्याला जाऊन पुढे कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणाऱ्या गाडीने आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवास केला असेल. त्या घाटातील कुळेपर्यंतच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मान्यता दिली होती. मार्ग भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१ मध्ये त्याविरुद्ध अहवाल दिला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने ती मान्यता रद्द केली. सावधगिरीचे तत्त्व न्यायालयाने पुढे ठेवले. त्याच वेळी प्रकल्पाचा जैवविविधतेवर होणारा परिणाम तपशीलवार तपासून नव्याने प्रस्ताव मांडण्याची मुभाही ठेवली. याचा अर्थ जो अभ्यास सुरुवातीला करायचा तो न केल्याने सारे काम पुन्हा आरंभापाशी आले. पाटणच्या लोकांना रेल्वे हवी असेल तर अभ्यासाची मागणी सर्वांत आधी त्यांनीच करावी, असे माझे मत आहे. कच्च्या अहवालावर मिळालेली मान्यता न्यायालयात टिकत नाही आणि मधली वर्षे फुकट जातात.

रानवाट_पाटण
या दृष्टीने मी विचार केला नव्हता. आमच्या ग्रामसभेत हा मुद्दा याच शब्दांत मांडेन.

पक्षीवेडी_सांगली
पुराबद्दल एक ओळ लिहावी का? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आले ते आपल्याला माहीत आहे. भराव रुंद आणि उंच झाला की पाणी अडते, आणि पुरात वाहत आलेल्या किंवा उंच जागा शोधणाऱ्या मगरी, घोरपडी, साप त्याच भरावावर येऊन बसतात. भिलवडी–औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, हे काही नवीन नाही.

येरळाकाठ
ताई, जरूर लिहू. पुराच्या पाण्याची पातळी आणि मोऱ्यांची क्षमता हा मुद्दा जलसंपदा खात्याशीही जोडलेला आहे, त्यामुळे त्यांनाही प्रत देऊ.

आतापर्यंतच्या चर्चेवरून निवेदनाचा मसुदा असा करत आहे. ताकारी–भवानीनगर भागासाठी मागणी अशी की मार्ग झालेला असल्याने आता निदान वापराच्या काळातील पाहणी सुरू करावी, प्रत्येक मोरीची लांबी आणि उंची जाहीर करावी, कीमनच्या नोंदवहीचा प्रयोग करावा आणि सागरेश्वरच्या पाणवठ्यांना उन्हाळ्यात पाणी द्यावे. कराड–चिपळूणसाठी मागणी वेगळी. मार्गाची रेषा कायम करण्यापूर्वी वर्षभराचा अभ्यास, रस्ता आणि रेल्वेचा एकत्रित विचार, मुरूम टाकण्याच्या जागांचा नकाशा, आणि २००६ च्या अधिसूचनेत सक्ती नसली तरी पाटण आणि कोयनानगर येथे मराठीतून जनसुनावणी. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबातून वाघीण चांदोलीत आणली गेली. एकीकडे शासन तिथे वाघ वाढावेत म्हणून एवढा प्रयत्न करत असताना जोडणाऱ्या पट्ट्याकडे दुर्लक्ष होऊ नये, हेही त्यात येईल. माळरानासाठी वेगळा परिच्छेद माणदेशी यांनी लिहून द्यावा अशी विनंती.

माणदेशी
देतो. दोन मेंढपाळांना सोबत बसवून लिहीन, म्हणजे वाटांची नावे आणि ओलांडण्याच्या जागा नेमक्या येतील.

रूळसोबती
आपल्या गटाला स्वतः नोंदी ठेवायच्या असतील तर एक सूचना आणि एक ताकीद देतो. जागा लिहिताना ‘ताकारीच्या पुढे’ असे लिहू नका. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहा. रेल्वेतील कोणालाही ती जागा लगेच कळते. ताकीद अशी की रुळांवर उतरू नका. तो गुन्हा आहे आणि जिवावरचा धोका आहे. बांधावरून, फाटकाजवळून किंवा पुलाखालच्या रस्त्यावरून दुर्बिणीने खांबाचा क्रमांक वाचता येतो.

निसर्गवाचक
त्यासोबत तारीख, वेळ, प्राणी जिवंत होता की मृत, आणि शेजारच्या शेतात कोणते पीक उभे होते, एवढे चार रकाने ठेवा. शेवटचा रकाना कोणी सहसा ठेवत नाही, आपल्याकडे तो सर्वांत उपयोगी पडेल. काहीच दिसले नाही त्या दिवशीही तशी नोंद करा. या नोंदींचा नकाशा माझे विद्यार्थी करून देतील.

शिवार_देवराष्ट्रे
माझ्या बांधावरून तीन खांब स्पष्ट दिसतात. या पंधरवड्यात तोड सुरू होते आहे, तेव्हापासून लिहायला घेतो.